डबा एक, खुर्च्या तीन

जुन्या वायरी कोणी टाकून देत नाही. कधीतरी लागतील म्हणून गुंडाळून ठेवतात, आणि पुढे एक ओढली की दहा बाहेर येतात. आमच्या कॉम्प्युटर रूमचे किस्से तसेच साठलेत.

मी तिथे शिपाई होतो. अंबरनाथची एक केमिकल कंपनी, नव्वदनंतरची वर्षं. चामटोलीहून सायकलने जायचो. शिक्षण चौथीपर्यंत, त्यामुळे कॉम्प्युटरशी माझा संबंध फडक्यापुरता. खोलीत चार कॉम्प्युटर होते. मंदा हजेरी बघायची, लता स्टॉक, सुनीता बाहेर जाणारा माल. चौथा आमच्या साहेबांचा.

मग साहेबांनी उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या दुकानातून एक डबा बनवून घेतला. डब्यावर एक नॉब, नॉबभोवती एक ते चार आकडे. आकडा फिरवला की त्या नंबरचा कॉम्प्युटर स्क्रीनवर यायचा. स्क्रीन एक, कीबोर्ड एक. बाकीचे स्क्रीन-कीबोर्ड निघाले, कॉम्प्युटर टेबलाखालच्या कपाटात गेले, टेबल मोकळं झालं.

साहेब म्हणाले, "आता खुर्चीही एक पुरे. एकीनेच चारही मशीन चालवायची. दिवाळीनंतर मोठे साहेब मुंबईहून येतील. त्यांना पटलं की दोघींना घरी पाठवू."

दोन खुर्च्या मीच उचलून स्टोअरमध्ये नेल्या.

* * *

डबा बसवायला कॅम्प दोनचा सिंधी शेठ स्वतः आला. आमच्याकडे नियम होता, चपला दाराबाहेर काढायच्या. शेठने चपला काढल्या, एसीत पाय चोळले आणि म्हणाला, "साईं, मशीन को नजर लगती है क्या?"

सुनीताने त्याला सरळ विचारलं, "शेठ, ये डब्बा आदमी निकालने को बनाया क्या?"

तार जोडता जोडता तो थांबला. "बहन, मैंने टेबल खाली करने को बनाया. कुर्सी खाली करने को किसने बोला?"

साहेब शेजारीच उभे होते. चहा न पाजताच त्यांनी शेठला वाटेला लावलं. मी गेटपर्यंत गेलो आणि बाहेरच्या टपरीवर पाजला.

* * *

खुर्च्या गेल्या, पण कोणी उभं राहिलं नाही. लता आणि सुनीता प्रिंटरच्या कागदाच्या खोक्यांवर बसायला लागल्या. पाळीपाळीने खुर्चीवर यायचं, आपला आकडा फिरवायचा, आपलं काम करायचं, उठायचं.

साहेबांनी खोकी हलवली. दुसऱ्या दिवशी सुनीता बदलापूरहून घरचा पाट घेऊन आली.

"हे काय?" साहेब म्हणाले.

"पाट. घरचाच आहे. याला गेटपास लागतो का?"

साहेब माझ्याकडे वळले. "तू यांना काही बोलत का नाहीस? कोणाच्या बाजूने आहेस?"

मी हळू बोलतो. फडकं खाली ठेवून म्हणालो, "साहेब, खुर्च्या मी उचलल्या. त्यांचं वजन मला ठाऊक आहे."

* * *

खंडेनवमीला मशीनची पूजा. लताने झेंडूचा हार केला. कॉम्प्युटर खाली कपाटात, मग हार कोणाला घालायचा? तिने डब्यालाच घातला, चांगला दोन वेढे देऊन. मंदा बौद्ध घरातली, ती पूजेला नव्हती, पण पेढे तिनेच वाटले.

पूजा झाल्यावर साहेब रिपोर्ट करायला बसले. आकडे हाराखाली गेलेले. सगळ्या मशीनवर तेच काळं पान आणि तीच हिरवी अक्षरं. बराच वेळ टाइप केल्यावर टीं टीं वाजायला लागलं. सगळा रिपोर्ट मंदाच्या हजेरीत घुसत होता.

"हार काढा आधी!"

लता म्हणाली, "आज घातलेला हार आज काढत नाहीत, साहेब."

"मग कळणार कसं, मशीन कोणाचं आहे?"

"ज्याचं त्याला कळतं."

देवाच्या हाराला हात लावायचं साहेबांना धाडस झालं नाही. ते केबिनमध्ये निघून गेले.

* * *

दिवाळी झाली. मोठे साहेब यायच्या आदल्या दिवशी आमच्या साहेबांनी मंदाला केबिनमध्ये बोलावलं. मी पाणी घेऊन गेलो होतो. तिघींत ती सगळ्यांत गप्प. वडील नव्हते, आई आणि दोन भाऊ तिच्याच पगारावर.

"चारही मशीन तू चालवून दाखव. तुझी नोकरी पक्की."

मंदा म्हणाली, "खुर्चीवर बसेन, साहेब."

ही गोष्ट मी लता-सुनीताला सांगितली नाही. जीभ रेटली नाही.

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब चपला काढून आत आले. मंदा खुर्चीवर बसली. नॉब एकवर. हजेरी भरभर करून दाखवली. मोठ्या साहेबांनी मान डोलावली.

तिने नॉब दोनवर नेला आणि हात मांडीवर ठेवले.

"कर ना," आमचे साहेब म्हणाले. "येतं ना तुला?"

"येतं. पण ही जागा लताची. ती बसेल."

तीनवर नेला. "ही सुनीताची."

"अगं, नोकरीचा विचार कर."

"तोच करतेय." तिने नॉब चारवर नेला, उठली आणि खुर्ची मागे ओढली. "ही तुमची, साहेब. बसा."

साहेब बसले नाहीत. मोठ्या साहेबांनी कोपऱ्यातला पाट बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

"खुर्च्या घेऊन या."

मी विचारलं, "किती?"

ते बोलायच्या आत मंदा म्हणाली, "काका, जितक्या नेल्या होत्या तितक्या."