कोण म्हणतं पारंपरिक?

‘पारंपरिक’ हा शब्द दिसला की माझं डोकं सणकतं. परवा शेजारच्या पोरीच्या बडबडगीतांच्या पुस्तकात पुन्हा दिसला. तीन ओळींचं गाणं, वर धावणाऱ्या दासीचं चित्र आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘पारंपरिक’. म्हणजे कुणाचंच नाही, आभाळातनं पडलेलं! पोरीची आई मला कौतुकानं सांगायला लागली, की ही गाणी शेकडो वर्षांची असतात, कुणी केली ते कुणालाच ठाऊक नसतं. मी म्हटलं, “बाई गं, हे कशावरनं केलंय ते मला ठाऊक आहे. मूळ गाणं कुठल्या खोलीत झालं, कुठल्या शब्दावर अडलं, तेही ठाऊक आहे.” ती हसली. म्हाताऱ्या माणसांकडं बघून हसतात तशी हसली. तेव्हाच ठरवलं, आता लिहून टाकायचं.

सोलापुरात शुक्रवार पेठेत आमचं किराणा दुकान होतं. पुढं दुकान, मागं दोन खोल्या, मधे एक अर्धं दार. दुकानात वडील बसायचे, मागं आई. आई अक्कलकोटकडच्या खेड्यातली, निम्मं बोलणं कानडी, निम्मं मराठी. आम्ही तिला अव्वा म्हणायचो आणि वडलांना अप्पा. मी थोरली. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान असलेली धाकटी दोन वर्षांची असताना तापानं फणफणली. ताप उतरला, पण डावा पाय लुळा पडला. पोलिओ. अंगारे झाले, तेल-मालिश झाली, कोण काय सांगेल ते झालं. शेवटी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी लोखंडी पट्ट्यांचा बूट करून दिला आणि अव्वाला बजावलं, “हिला रोज चालवा. रडली तरी चालवा. एकदा बसली की कायमची बसेल.”

कायमची बसेल, हे अव्वाच्या काळजात रुतून बसलं.

मागच्या खोलीत एका भिंतीला उंबरा, दुसऱ्या भिंतीला ज्वारीची कणगी. मधे फार तर पंधरा पावलं. धाकटीला ती पंधरा पावलं म्हणजे पंढरी लांब. दोन पावलं टाकायची आणि मटकन खाली. मग भोकाड. अव्वा कणगीपाशी गुळाचा खडा घेऊन उभी राहायची आणि काहीबाही म्हणत तिला बोलवायची. ते काहीबाही म्हणता म्हणता गाणं झालं. एका दिवसात नाही झालं. आधी “एक पाऊल लोखंड गं” असं होतं. धाकटीला ते आवडलं नाही, तिनं पायच आपटला. मग ‘लोखंड’ गेलं. एक ओळ लाडवाची होती, पण ती लांबायची आणि धाकटी मधेच अडखळायची, म्हणून लाडूही गेला. भाकऱ्या थापताना, ज्वारी पाखडताना अव्वाचे ओठ हलत असायचे. मी बघितलंय. पंधरा-वीस दिवसांनी जे उरलं ते असं:

बा गं बाई, बा गं बा,
एक पाऊल जड गं,
एक पाऊल फूल गं,
कणगीपाशी गूळ गं.

‘बा’ म्हणजे कानडीत ये. ‘जड’ अव्वा लांबवायची, जऽऽड, कारण लोखंडाचा पाय उचलून पुढं यायला तेवढा वेळ लागायचा. ‘फूल’ झटक्यात, कारण चांगला पाय झटक्यात पडायचा. गाणं लंगडतच चालायचं, धाकटीच्या बरोबरीनं. वर्षभरात पोरगी उंबऱ्यापासनं कणगीपर्यंत न धरता जायला लागली. कणगीला टेकली की तळहात पुढं करायची, अव्वा त्यावर गूळ ठेवायची. पुढं ती दुकानात गेली, मग गल्लीत गेली, मग माझा हात धरून शाळेत गेली. हे सगळं त्या चार ओळींवर, दुसरं काही नाही.

आता एका गुरुजींचं ऐका. आमच्या शाळेतले, सज्जन म्हणून नाव असलेले, जुनी गाणी गोळा करायचा नाद. सामान घ्यायला आले की अप्पा चहा मागवायचे. एकदा चहा पिताना त्यांनी अर्ध्या दारापलीकडनं गाणं ऐकलं. वही काढली. तिथनंच विचारलं, “बाई, कुठलं हो हे गाणं? कुणाचं?”

अव्वानं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि म्हणाली, “असंच की. पूर्वीपासनं म्हणत्यात.”

मी तिथंच होते. माझं तोंड उघडं पडलं. नंतर विचारलं, “अव्वा, खोटं का बोललीस?” तर माझ्यावरच खेकसली. “परक्या बाप्याम्होरं सांगू व्हय, मी गाणी करते म्हणून? दुकानदाराची बायको काम सोडून गाणी जुळवत बसती म्हंत्याल. तुज्या बापाला पेठंत तोंड दाखवायला जागा ऱ्हाईल का?” 

घ्या! परंपरा जन्मते ती अशी. बाईमाणसानं भाजी निवडता निवडता काही करायचं आणि कुणी विचारलं तर ‘मी’ म्हणायची चोरी. आमच्या मागच्या बोळात विणकरांची तेलुगू बाई होती, तीही सुताच्या कांड्या भरताना मांडीवरच्या पोराला गप्प बसवायला काय काय रचायची. तिला विचारलं असतं तर तिनंही आजीचं नाव सांगितलं असतं. आणि आजीनं तिच्या आजीचं. मग विद्वान लोक खुर्चीत बसून त्या गाण्यांमागं राजे शोधतात, लढाया शोधतात, पटकीची साथ शोधतात. मांडीवरचं पोर तेवढं कुणाला दिसत नाही.

पाच-सहा महिन्यांनी गुरुजींचं पुस्तक छापून आलं. शाळेत वाटलं. अव्वाच्या गाण्याची दशा बघा:

लंगडी दासी पळत सुटे,
कणगीमधला गूळ लुटे,
धरा धरा गं, गेली कुठे?

खाली टीप. हे गीत फार प्राचीन असून, एखाद्या सरदाराच्या कोठारातून गूळ चोरणाऱ्या लंगड्या दासीवर रचलेलं दिसतं. दिसतं म्हणे! कुणाला दिसलं? कुठला सरदार? कुठली दासी? माझी बहीण दुसरीत बसली होती ती दिसली नाही या गृहस्थाला!

पोरांना काय, आयतंच मिळालं. मधल्या सुट्टीत धाकटीभोवती फेर धरून, “लंगडी दासी, गूळचोर!” मी दोघींच्या झिंज्या उपटल्या, एकाला चावले. त्याचा काय उपयोग! घरी आल्यावर धाकटीनं बूट काढला आणि ज्वारीच्या कणगीत खोल पुरला. रडली नाही. म्हणाली, “मी चालणार न्हाई.” दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. अव्वानं गूळ दाखवला तर तोंड फिरवलं. “मला नको. मी चोर न्हाई.” आठ दिवस पोरगी बसल्या जागेवरनं खुरडत होती आणि अव्वा डॉक्टरांचा तो एकच शब्द घोकत होती, कायमची, कायमची.

अप्पा म्हणाले, “जाऊ दे. गुरुजी मोठा माणूस, आपलं गिऱ्हाईक. पुस्तकात छापलेलं आता काय पुसता येतंय?”

नवव्या दिवशी सकाळी अव्वानं कणगीत कोपरापर्यंत हात घालून बूट काढला, धाकटी हातपाय झाडत असताना तिच्या पायात चढवला, पट्टे आवळले, तिला कडेवर घेतलं आणि मला म्हणाली, “चल.” सात वर्षांची पोर, वर लोखंड. अव्वा वाटेत एकदाही थांबली नाही. अख्खी पेठ बघत होती. पदर डोक्यावरनं घसरला तरी तिनं सावरला नाही.

गुरुजींचा तास चालू होता. अव्वा थेट वर्गात शिरली. मीही शिरले.

“गुरुजी, ते गाणं तुमी बदललंय.”

गुरुजी गडबडले, मग सावरले. गोड आवाजात म्हणाले, “बाई, लोकगीत आहे ते. मूळ ठेका मोडका होता, मुलांना म्हणता येईना, म्हणून थोडा दुरुस्त केला. आणि लोकगीतावर कुणाचा हक्क नसतो. तुम्हीच नाही का म्हणालात, पूर्वीपासनं आहे?”

अव्वाच्याच तोंडचं वाक्य तिच्या अंगावर आलं होतं. मला वाटलं, संपलं, आता ही मागं फिरणार. तिनं धाकटीला कडेवर नीट सरकवून घेतलं.

“खोटं बोलले मी,” अव्वा म्हणाली. “लाजले, म्हणून खोटं बोलले. गाणं मी केलंय. कुटल्या आजीनं न्हाय, मी. आन ठेका मोडका न्हाय, गुरुजी. हिचं पाऊल तसंच पडतंय.”

गुरुजी पुस्तक चाळत राहिले, जणू त्यात उत्तर छापलेलं असणार होतं. तेवढ्यात कडेवरनं धाकटी म्हणाली, “अव्वा, खाली सोड.”

अव्वानं तिला दारात उभं केलं. धाकटी चौकट धरून थांबली. आठ दिवसांत पाय आखडला होता, पहिल्याच पावलाला ती कलली. मी धरायला धावले तर अव्वानं माझा दंड पकडला आणि म्हणायला लागली. वर्गात, परक्या बाप्यासमोर, मोठ्यांदा: “बा गं बाई, बा गं बा...” 

जऽऽड म्हटलं की लोखंड फरशीवर खरवडत पुढं यायचं. फूल म्हटलं की चांगला पाय पडायचा. एकही पाऊल चुकलं नाही. पहिल्या बाकावर ती पोरगी बसली होती जिच्या मी झिंज्या उपटल्या होत्या, तिनं आपलं दप्तर वाटेतनं ओढून घेतलं. दारापासनं टेबलापर्यंत गाणं तीनदा झालं. टेबलाला टेकून धाकटीनं सवयीनं तळहात पुढं केला.

गुरुजींसमोर.

त्यांनी त्या हाताकडं बघितलं. त्यांच्या हातात खडू होता. त्यांना काही कळलं की नाही, देव जाणे. “पुढच्या आवृत्तीत बघतो,” एवढं म्हणाले. बघितलं ते असं: टीप काढली, दासी ठेवली. गूळ ठेवला. आणि माझ्या आईच्या जागी ‘पारंपरिक’ लिहिलं. त्यांच्यानंतर ज्यांनी ज्यांनी उचललं त्यांनीही तेच लिहिलं, आज शेजारणीच्या पुस्तकातही तेच आहे.

पण त्या दिवशी अव्वानं पुढच्या आवृत्तीची वाट बघितली नाही. तिनं धाकटीचा तो रिकामा हात आपल्या हातात घेतला, पण तिला उचललं नाही. शाळेपासनं दुकानापर्यंत, अख्ख्या पेठेतनं, तिला चालवत आणलं. वाटेत धाकटीनं विचारलं, “अव्वा, गूळ?”

“घरी चल, देते,” अव्वा म्हणाली. रस्त्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यांदा म्हणाली. “आपल्या घरचा हाय. चोरीचा न्हाय.”