नोझलचा सरासरी भाव

देश स्वतंत्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. कोल्हापुरात ऑइल इंजिनाचे सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानात मी स्टोअर सांभाळत होतो. आई चंदगडकडच्या गावात एकटी, मी कळंब्याच्या वाटेवरच्या खोलीत एकटा. तिला कोल्हापूर मानवेना आणि मला पोट भरायला दुसरीकडे जाता येईना.

भाव काढणं हे माझं मुख्य काम. इंजिनात तेल फवारणारा नोझल घ्या. आठ रुपयांचे दहा नग खणात शिल्लक असताना बारा रुपयांचे तीस नवे आले, की सगळ्यांची किंमत एकत्र करायची, चाळिसानं भागायची आणि प्रत्येक नग अकरा रुपयांचा धरायचा. प्रत्यक्षात अकराला एकही घेतलेला नसे. गिऱ्हाइकं हुज्जत घालत. मीही काही कमी नव्हतो. माझ्या हिशेबावर कोणी बोट ठेवलं की माझं डोकं फिरे.

आता गंमत अशी, की जुने नोझल विलायती होते आणि वर्षानुवर्षं टिकत. नवे इकडचेच, लवकर गळायला लागत. भाव मात्र एकच. हे फक्त एका मिस्त्रीच्या ध्यानात आलं. तो खेड्यापाड्यांतली इंजिनं दुरुस्त करी आणि काम येईल तसा एकेक नोझल नेई. दुकानात सगळे माझ्याशी कामापुरतं बोलत. हा तेवढा खिडकीला टेकून निवांत उभा राही.

"काय जेवलासा, पावणं?"

"आमटी-भात."

"रोज त्योच? आवो, कोल्हापुरात ऱ्हाताय, कदी तरी रस्सा वरपा की." मग विचारी, "आईचं गुडघं काय म्हणत्यात?"

मी सांगे. तो ऐकून घेई आणि जाताना हळूच म्हणे, "जुन्यातला द्या." मी खणाच्या तळाशी हात घालून विलायती शोधून देई. किंमत सारखीच, त्यामुळे मला त्यात काही गैर वाटत नसे.

एक दिवस जुने संपले. त्यानं नवा नोझल हातात फिरवून पाहिला, परत ठेवला, "बगतो" म्हणाला आणि गेला. त्यानंतर तो फिरकलाच नाही. मी बरेच दिवस वाट पाहिली, मग स्वतःवरच चिडलो. माणूस माझ्यासाठी येतो, असं मी खुशाल धरून चाललो होतो.

त्याच पावसाळ्यात आई गेली. दिवसकार्य उरकून परतलो. मालक "वाईट झालं" म्हणाले आणि त्यांनी पिस्टनच्या रिंगा किती उरल्यात ते विचारलं. त्यांचं काही चुकलं नाही. पण ती कशी गेली, शेवटी काय बोलली, हे कोणीच विचारलं नाही. ते सांगितल्यावाचून मला घास गिळवेना.

दिवाळीनंतर मालकांनी सांगलीच्या एका बंद होणाऱ्या दुकानाचा माल उचलला. त्यात थोडे विलायती नोझल निघाले. मी खणातल्या सगळ्या नगांची नव्यानं सरासरी काढली, भाव लिहिला आणि हमालाकरवी मिस्त्रीला निरोप धाडला, की जुन्यातले आलेत.

दुसऱ्याच दिवशी तो खिडकीत हजर. "लई दिसांत गाठ न्हाय. आईचं गुडघं काय म्हणत्यात?"

तो कशाला आलाय हे मला ठाऊक होतं. मीच त्याला तेवढ्यासाठी बोलावलं होतं. मी नोझल त्याच्यापुढे ठेवला आणि म्हणालो, "आई गेली."

त्यानं नोझलला हात लावला नाही. बाहेरचं रिकामं खोकं ओढून तो खिडकीशी बसला.

"कवा?" त्यानं विचारलं.

मी पहिल्यापासून सांगायला लागलो.