हा भाग कापा

गणिताच्या सरांना मुलं काटकोन म्हणत. ते ताठ उभे राहत, ताठ बोलत, आणि उभ्या नोकरीत त्यांनी डस्टर वापरलं ते फक्त पुढच्या गणिताला जागा करायला. चूक पुसायची वेळ आली नव्हती. याचा त्यांना अभिमान होता, आणि बायकोला कंटाळा.

शाळेने धडे ऑनलाइन करायचे ठरवले तेव्हा त्यांनी नाक मुरडलं. पण मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, स्पष्टच सांगितलं की ज्यांचे व्हिडिओ मुलं बघणार नाहीत, त्यांना पुढच्या वर्षी सातवीचा वर्ग मिळणार नाही. अशांनी वर्ग सोडून शाळेची वेळापत्रकं आखत बसावं. सातवी हा सरांचा जीव की प्राण. तेव्हा ते घरी जेवणाच्या टेबलावर शब्दकोशाला मोबाईल टेकवून त्याच्यासमोर ताठ उभे राहिले.

आढावा बैठकीत नव्या संगणक शिक्षकाने भिंतीवर आलेख लावला. मुलं व्हिडिओ कुठे सोडून देतात, कुठे मागे जाऊन पुन्हा बघतात, सगळं त्यात दिसत होतं. सरांची रेघ नमस्कार संपताच जमिनीला टेकत होती. धड्यामागून धडा, तेच. सर गार पडले. त्यांच्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येई. त्याला ते इतकी वर्षं लक्ष समजत आले होते.

मग अपूर्णांकांच्या भागाकाराचा धडा आला, आणि रेघ मध्येच अशी चढली की चौकटीत मावेना.

सरांच्या जिवात जीव आला. "नियम सांगितलाय तिथे. दुसरा उलटा करा आणि गुणा. लावा, सगळ्यांना बघू द्या."

लावलं. भिंतीवरचे सर पाऊण भागिले अर्धा करत होते. बोलण्याच्या ओघात त्यांनी दुसऱ्याऐवजी पहिलाच अपूर्णांक उलटा केला, उत्तर दोन तृतीयांश काढलं, खाली दोन रेघा ओढल्या आणि थबकले. "हा भाग कापा," ते कॅमेऱ्याला म्हणाले. मग खांदे पाडून स्वतःशीच बोलू लागले. "पाऊणात अर्धा एकदा तरी बसतोच की. मग उत्तर एकाच्या आत कसं येईल, गाढवा?" त्यांनी टेबलावरची पाऊण भरलेली बाटली उचलली, मध्यावर बोट ठेवलं. "हा एक अर्धा. वर उरला पाव, म्हणजे अर्ध्याचा अर्धा. दीड." आणि ते हसले. सरांना हसताना शाळेने कधी पाहिलं नव्हतं.

सगळ्यांचे व्हिडिओ एकट्याने चढवता चढवता संगणक शिक्षकाचं कापायचं राहून गेलं होतं. खाली मुलांनी लिहिलं होतं: इथे कळलं. मला पण इथेच. नियमाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

"काढून टाका ते," सर म्हणाले.

"सातवी तुमच्याकडेच राहील, सर," मोठ्या बाई म्हणाल्या. "पण अशी शिकवणार असाल तर."

"म्हणजे दर तासाला चुकू?"

बाईंनी गंभीरपणे विचार केला. "जमेल?"

घरी त्यांनी घडलेलं सांगितलं तेव्हा बायको भाजी चिरायची थांबलीसुद्धा नाही. "अहो, तो व्हिडिओ मी कधीच बघितलाय. माझ्या ताईलाही पाठवला. तिला तर खरंच वाटेना की हे तुम्हीच."

दुसऱ्या दिवशी सर वर्गात चुकायचं ठरवून गेले. हात ऐकेना. उत्तर बरोबर आलं, खाली दोन रेघाही आल्या. मुलं आदराने बघत राहिली. शेवटी त्यांनी एका मुलीला फळ्यापाशी बोलावलं. तिने पहिलाच अपूर्णांक उलटा केला, उत्तराकडे बघून तिचा चेहरा उतरला, आणि डस्टर घेत ती पुटपुटली, "सर, हा भाग कापा."

सरांनी डस्टर तिच्या हातून काढून घेतलं. ते कुठे ठेवावं हे न सुचून खिशात घातलं.

"राहू दे," ते म्हणाले. "बाटली आहे का कुणाकडे?"

साऱ्या वर्गाच्या बाटल्या एकदम बाकांवर आल्या. सर बघतच राहिले. एकूण एक बाटली आधीच पाऊण भरलेली होती.