गोकर्णामावशीचा हात

गोकर्णामावशी बोलता बोलता समोरच्याच्या अंगावरचा कापूस वेचायची. खांद्यावरचा तंतू, केसात अडकलेली काडी, काहीही. आमच्या घरी पुढच्या खोलीत कापसाची गंजी असे, त्यामुळे माझ्या कपड्यांना नेहमी काहीतरी चिकटलेलं. मला कुणी हात लावलेला आवडत नसे. तिचा हात मात्र चालायचा.

मावशी आमच्या वावरात वेचणीला यायची. एकटी राहायची. बीटीचा कापूस एकदमच फुटतो, तेव्हा तिला मान वर करायला उसंत नसे. मी एकदा विचारलं, "दमत नाहीस का?"

"दमून कसं चालन वं? मी बसली त फुटेल बोंडं मले हाका मारतीन."

वेचणी संपली की ती रोजगार हमीच्या कामावर जायची. उन्हाळा त्यावरच निघायचा.

खामगावच्या इंग्रजी शाळेतून शिकून आल्यावर मी काही महिने ग्रामपंचायतीत संगणकावर बसले. तिथले रोजगार सेवक एक यादी घेऊन आले. बोलावूनही कामावर न आलेल्यांची जॉबकार्डं रद्द करायची होती. ते नंबर वाचत होते, मी भरत होते. कारणासाठी इंग्रजीत तयार पर्याय होते. "काम करायची इच्छा नाही, हे टाका सगळ्यांना," ते म्हणाले. मी टाकलं.

त्या वर्षी गुलाबी अळी आली. दुसऱ्या वेचणीला बोंडं उघडलीच नाहीत. लोकांनी कपाशीची पऱ्हाटी उपटून टाकली आणि मावशी काम मागायला पंचायतीत आली.

"मावशी, तुमचं कार्ड बंद हाय. तुमाले कामाची इच्छा नाही म्हनते मशीन," रोजगार सेवक म्हणाले.

ती आधी हसलीच. "काऊन बे बाबू? मशीन माह्या संग वावरात आलती काय?"

तलावाच्या कामाचं बोलावणं आलं होतं, ते नेमकं ऐन पहिल्या वेचणीत. फुटलेला कापूस टाकून ती गेली नव्हती. गावातली कुठलीच बाई गेली नसती.

मग ती माझ्याकडे वळली. "तू सांग वं, तू इंग्रजी शिकेल हायेस. खरंच तसं लिहेल हाय?"

मी वाचून दाखवलं.

"कोनं लिहिलं असन?"

"वरून यादी आली होती," मी म्हणाले. बोलता बोलता तिनं माझ्या ओढणीवरचा तंतू काढला.

नवा अर्ज केला. मंजुरी वरून यायची होती. ती रोज सकाळी पंचायतीच्या पायरीवर येऊन बसायची, रिकाम्या हातांनी. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "मले इच्छा हाय बरं का." लोक हसत. नंतर नंतर ती ते सांगेनाशी झाली.

होळीनंतर ती अकोल्याकडच्या वीटभट्टीवर जायला निघाली. मी स्टँडवर गेले आणि सांगून टाकलं, "मावशी, ते मीच भरलं होतं. नाव नव्हतं, नुसते नंबर होते."

तिनं गाठोडं खाली ठेवलं.

"नंबर कोनाचा हाय, थे इचारलं नाही तू?"

"नाही."

"हाव," तिनं मान हलवली.

एसटी आली. तिची नजर माझ्या खांद्यावर गेली, हातही उचलला गेला. मग तिनं तोच हात गाठोड्याला लावला आणि ती वर चढली.

घरी येऊन आरशात पाहिलं. खांद्यावर कापसाचा तंतू तसाच होता.