धूळ बसायच्या आत

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरेच दिवस वाचते आहे. कमेंट कधी केली नाही. खरं सांगायचं तर वाचताना प्रत्येक वेळी माझ्याकडे एक कारण तयार असायचं... झोप झाली नसेल, ताप असेल, वारा असेल. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता आणि आजही बसला आहे असं मी म्हणणार नाही. शाळा इंग्रजी माध्यमाची, तीही होस्टेलवर, त्यामुळे मराठीत लिहिताना कुठे अडखळले तर समजून घ्या. एक आधीच सांगते – जे झालं ते भर दुपारी झालं.

आमचं गाव पाटोदा तालुक्यात, वर पठारावर. नाव देत नाही. घर शेतातच आहे. मागे पत्र्याची मोठी शेड आणि शेडपासून निघणारा मुरमाचा कच्चा रस्ता. तो उताराने ओढ्यावरच्या मोरीपर्यंत जातो, मग बाभळींमधून दोन वळणं घेतो, मग सखूमावशीचं घर, मग लांब चढ, आणि शेवटी पाझर तलावाचा बांध. बांधाच्या टोकाला एक दगडी कठडा आहे. पुढे रस्ता नाही. उन्हाळ्यात तलाव कोरडा असतो आणि दुपारी त्या बाजूला चिटपाखरू नसतं.

माझे पप्पा रॅली ड्रायव्हर होते. दोनदा नॅशनल चॅम्पियन. आमच्याकडे रॅली म्हटलं की लोकांना झेंडे आणि घोषणा आठवतात, म्हणून थोडं सांगते. कच्च्या रस्त्यावर, घाटात, मळ्यांमधून एकेक गाडी सोडतात. एक गेली की थोडा वेळ थांबून दुसरी. सगळे एकमेकांशी लढत असतात, पण कुणी कुणाला दिसत नाही. पुढच्या गाडीची दिसते ती फक्त हवेत राहिलेली धूळ. मधला वेळ ठेवतात तोच मुळी ती धूळ बसावी म्हणून. आणि मागच्याने गाठलंच, तर पुढच्याने बाजूला होऊन वाट द्यायची, असा नियम.

पप्पांनी सुरुवात केली ती घाटात प्रवासी भरून जीप चालवण्यापासून. छपरावर माणसं, मागे लटकलेली माणसं, आणि बाजाराला वेळेत पोचायचं. मग नाशिककडे मातीच्या मैदानावर एक शर्यत होती, तिथे कुणीतरी डिवचलं म्हणून ते तीच जीप घेऊन उतरले आणि जिंकून आले. तिथल्या एका गॅरेजवाल्याने त्यांना हेरलं. पुढची कितीतरी वर्षं ते दक्षिणेत असायचे, कॉफीच्या मळ्यांमध्ये, डोंगरांत. एकदा चॅम्पियन झाले. पुढच्या सीझनला गाडी दरीच्या कडेला उलटली, खांद्यात सळई बसली. बरे झाले आणि परत चॅम्पियन झाले.

गावात फ्लेक्स लागला. वर सगळे पुढारी आणि तळाशी, कोपऱ्यात, पप्पा. सत्काराला शाल घालता घालता एक पुढारी हळूच म्हणाले, "मग आता सायबाच्या गाडीवर येतूस का? पगार चांगला हाय."

पप्पा म्हणाले, "नगं. सायबाला उलटी हुईल."

हे ते घरी येऊन सांगायचे आणि हसायचे. पण फ्लेक्स उतरल्यावर त्याचा कपडा कडब्याच्या गंजीवर अंथरला गेला, आणि पुढे त्यांचं चॅम्पियन असणं तालुक्यात फारसं कुणाला आठवलं नाही. स्पॉन्सर गेले. ते गाडी घेऊन कायमचे घरी आले तेव्हा मी दहावीत होते.

आम्हाला एकमेकांशी बोलता यायचं नाही. भांडण नव्हतं. मी होस्टेलवरून यायची ती वेगळीच भाषा घेऊन, आणि ते मुळातच कमी बोलणारे. मम्मी स्वयंपाकघरात, मी माझ्या खोलीत, पप्पा शेडमध्ये. जेवताना भांड्यांचे आवाज तेवढे यायचे. एका सुट्टीत त्यांनी मला शेडमध्ये बोलावलं, हेल्मेट हातात दिलं आणि रॅलीच्या गाडीत बसवलं. आत इतका आवाज असतो की शेजारच्या माणसाशीही हेल्मेटमधल्या माइकवरूनच बोलावं लागतं. त्या माइकवर पप्पा बोलायचे. अगदी कानात. "आता ब्रेक दाबतो बघ... न्हाई, आजून न्हाई... हां, आता." तेवढं ते घरात वर्षभर बोलले नसतील. मीही बोलायची. तोंड दिसत नसलं की मला बोलता येतं.

लायसन्स आल्यावर त्यांनी मला चालवायला शिकवलं. पद्धत त्यांचीच. मला रॅलीची गाडी द्यायचे आणि स्वतः जुनी जीप घेऊन पुढे निघायचे – तीच, प्रवाशांची. थोड्या वेळाने मी निघायचं. अट एकच.

"मी बांधावर थांबतो. माजी धूळ बसायच्या आत यायचं. ज्या दिवशी आलीस, त्या दिवशी तुला रॅलीला नेतो."

मला वाटलं, ही केवढी गाडी आणि तो केवढा खटारा. पण मी कधीच पोचले नाही. दर वेळी बांधावर यावं तर हवा स्वच्छ, आणि पप्पा कठड्यावर पाय सोडून बसलेले.

"कावून थांबलीस मोरीपाशी?"

"पुढे काही दिसत नव्हतं."

"धुळीत दिसत न्हाईच. धूळ कुणीकडं वळती ते बघायचं. तीच रस्ता सांगती." मग जरा वेळाने, "धूळ बसली की गं. आसू दे. उद्या."

दर सुट्टीत हेच. मला रॅलीला जायचं होतंच, पण त्याहून जास्त त्यांनी एकदा तरी "आलीस" म्हणावं असं वाटायचं. मी ते बोलून मात्र दाखवलं नाही कधी.

पप्पा गेले ते घरीच, सकाळी, चहा घेता घेता. हृदय. रस्त्यावर काही झालं असतं तर लोकांना समजलं असतं, पण ओट्यावर बसलेला माणूस असा जावा हे कुणालाच पटेना. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होते. पोचले तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं आणि मला कुणाशी काय बोलायचं ते कळत नव्हतं.

पुढे दोन वर्षं गाडी शेडमध्ये उभी होती. जीप तर त्याच्याही आधीपासून बंद. इंजिन काढलेलं, चाकं काढलेली, विटांवर ठेवलेली. हे लक्षात ठेवा. मागच्या उन्हाळ्यात दक्षिणेतल्या एका टीमने गाडी मागितली. मम्मी लगेच हो म्हणाली.

"जाऊ दे माय ती गाडी. शेडकडं बगवत न्हाई मला," ती म्हणाली. "अन तू बी तिच्याकडं बगत बसतीस."

ते लोक दुसऱ्या दिवशी यायचे होते. त्यांनी फोनवर सांगितलं होतं की गाडी एकदा चालवून ठेवा. मी ऑइल बघितलं, नवीन बॅटरी बसवली, काच पुसली. काच मी स्वतः पुसली. हेल्मेट घातलं, माइकची वायर सवयीने जोडली आणि दुपारी जेवणं झाल्यावर निघाले. झाडाचं पान हलत नव्हतं. शेजारची सीट रिकामी.

मोरीच्या अलीकडे मला बाभळींमध्ये धूळ दिसली.

पहिल्यांदा वाटलं, पाण्याचा टँकर. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो. नंतर चौकशी केली तर त्या दिवशी लाइट नव्हती, विहिरीवर टँकर भरलाच नव्हता. पण तेव्हा मनात टँकरच होता, म्हणून मी ब्रेक लावला. धूळ मात्र टँकरची वाटत नव्हती. टँकरची धूळ जड असते, रस्त्याच्या दोन्ही कडांना पसरते. ही बारीक होती, आणि वळणाच्या आतल्या बाजूला जास्त होती. तिथून गाडी जोरात काढली तरच तशी उडते. तिथून गाडी कोण काढायचं, ते मला माहीत होतं.

मी ब्रेक सोडला.

पुढचं नीट सांगता येईल का, माहीत नाही. समोर काही दिसत नव्हतं आणि मला भीती वाटली नाही. धूळ डावीकडे वळली, मी वळले. उजवीकडे वळली, मी वळले. आयुष्यात तो रस्ता मी असा चालवला नव्हता. सखूमावशीचं घर बाजूने गेलं. चढाला लागले तेव्हा धूळ दाट व्हायला लागली. दाट होणं म्हणजे काय, ते ज्यांनी गाडी चालवली आहे त्यांना कळेल. मी जवळ येत होते. काचेवर टक्‌ करून खडा आला. मग आणखी एक. अजून जरा पाय दाबला असता तर पुढे जे काही होतं ते दिसलं असतं.

मी माइकमध्ये म्हणाले, "पप्पा."

उत्तर आलं नाही. इथे बऱ्याच जणांच्या अनुभवात आवाज येतो. मला नाही आला. हेल्मेटमध्ये माझाच श्वास ऐकू येत होता.

आणि मी पाय उचलला. मुद्दाम. त्यांना गाठलं असतं तर त्यांनी बाजूला होऊन मला वाट दिली असती... नियमच आहे तो. आणि मग माझ्यापुढे धूळ राहिली नसती.

गाडी हळू झाली, धूळ थोडी विरळ झाली, पण तुटली नाही. मी बांधावर पोचले तेव्हा ती कठड्याच्या वर तरंगत होती, उन्हात, पिवळसर. कठड्यावर कुणी नव्हतं. मी इंजिन बंद केलं, हेल्मेट काढलं आणि तिथे जाऊन बसले. माझ्या हातांवर, मांडीवर ती हळूहळू बसत गेली. वावटळ असेल असं मला पुढे एक-दोघांनी सांगितलं. वावटळ मी लहानपणापासून बघते. ती शेतातून वाटेल तशी जाते, रस्त्याची वळणं घेत जात नाही.

परत येताना सखूमावशीने हात करून थांबवलं. ती आणि तिचा नवरा दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, उन्हाळ्यात घरी असतात. दारात बाजेवर कुरडया वाळत घातल्या होत्या, त्यावर जुनं लुगडं टाकलेलं होतं.

"काय गं, सांगून तर यायचं," ती म्हणाली. "कुरडया करकर वाजतेल ना दाताखाली."

"चुकलं मावशी. पण झाकल्यात की तुम्ही."

"झाकल्या म्हून बरं. पयल्या गाडीलाच झाकल्या. मला सवय हाय ना... पयली गाडी आली की झाकायचं, अन दुसरी जाईस्तोवर उघडायचं न्हाई. तुमा बापलेकीचं ठरलेलंच आसतंय."

एवढं बोलून ती थांबली. लुगड्याचं टोक तिच्या हातात तसंच राहिलं.

"मावशी, पहिली गाडी तुम्ही पाहिली?"

"न्हाई गं. मी आत चुलीपाशी व्हते. आवाज आला, धूळ आली, तशीच पळत आले अन झाकलं." ती रस्त्याकडे बघत राहिली. "कोन व्हतं मग पुढं?"

मी म्हटलं, माहीत नाही. तिने मला गूळ-पाणी दिलं, शेजारी बसली. मग लुगडं उचलून दूर नेऊन झटकलं आणि घडी न घालता आत घेऊन गेली. तो विषय तिने परत कधी काढला नाही, मीही नाही.

दुसऱ्या दिवशी टीमचे लोक आले. त्यांच्या मेकॅनिकने गाडीला एक चक्कर मारली आणि काचेपाशी थांबला. ड्रायव्हरच्या नजरेसमोर काच दोन ठिकाणी टवकली होती, ज्वारीच्या दाण्याएवढी.

"हे टवके ताजे आहेत," तो हिंदीत म्हणाला. "कुणाच्या मागे चालवली?"

"एकटीच होते."

तो हसला. "मॅडम, असा खडा पुढच्या गाडीच्या टायरमधून येतो. आपल्या टायरचा आपल्या काचेवर येत नाही."

मी त्याला शेडमध्ये नेलं आणि जीप दाखवली. का दाखवली, माहीत नाही. त्याने विटा बघितल्या, जीपच्या बोनेटवरची कित्येक वर्षांची धूळ बघितली, आणि ही पण विकायची आहे का, असं विचारलं. मी नाही म्हटलं.

गाडी गेली. जाताना ट्रकवर चढवलेली होती, त्यामुळे तिची धूळसुद्धा उडाली नाही, ट्रकची उडाली. मम्मी ओट्यावर उभी राहून बघत होती. मी तिला काहीच सांगितलं नाही. तिला रडू आलं असतं, किंवा नसतं आलं... दोन्हीची मला भीती वाटली.

मी पुण्याला परत आले. ऑफिसात कुणाला माझे वडील कोण होते हे माहीत नाही, आणि सांगायला गेले तर आधी रॅली म्हणजे काय ते सांगावं लागतं. जे झालं त्याचं कारण माझ्याकडे आजही नाही. टँकर नव्हता, वारा नव्हता, ताप नव्हता. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर लिहा, मी वाचेन. पटलं तर बरंच वाटेल, असं मात्र नाही.

मी हे लिहिलं ते कारण शोधायला नाही. त्या दिवशी मी धूळ बसायच्या आत पोचले होते. बांधावर ते सांगायला कुणी नव्हतं, म्हणून इथे सांगते आहे.