हजेरीपटावरची कावेरी

त्या दिवशी मी बारामतीत बँकेच्या रांगेत उभी होते. पेन्शनीसाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, म्हणजे आपण अजून जिवंत आहोत हे जाऊन दाखवायचं. पुढे चौघंजण होते. फोन वाजला. कावेरीचा, माझ्या धाकट्या भावाच्या एकुलत्या एका लेकीचा. "आत्या, पप्पा गेले," एवढंच म्हणाली. मी वेड्यासारखी विचारते, "कुठं गेले?" पिंपळीला सकाळी विहिरीवर मोटार चालू करायला गेला, स्टार्टरपाशीच खाली बसला, तो उठलाच नाही... मागून कुणीतरी म्हणालं, "मावशी, पुढं सरका की." त्या माणसावर मी अशी खेकसले की सगळी बँक वळून बघायला लागली. बिचाऱ्याचा काय दोष! पण माझं हे असंच. दुःख झालं की मला आधी राग येतो.

सदाशिवला जाऊन आता दीड महिना होईल. दहाव्याला पिंपळीत माणूस मावत नव्हता. सगळे चांगलंच बोलत होते. पण मांडवाच्या कडेला दोघं हळू आवाजात म्हणत होते, "माणूस गुणाचा, पर बोलायचा येक आन् करायचा येक. शाळंच्या इरोधात भाषणं ठोकायचा, आन् पोरीचं नाव आधीच शाळंत घालून ठिवल्यालं." मी ऐकलं आणि गप्प बसले. मी, जी भर सभेत कुणाचं ऐकून घेत नाही, ती खाली मान घालून बसले. हा लेख मी त्या गप्प बसण्यापायी लिहिते आहे.

सदा वालचंदनगरला कंपनीत मशीन शॉपमध्ये होता, क्वार्टरमध्ये राहायचा. हात बारीक कामाचा आणि डोकं शांत. आम्हा दोघांत तापट मी आणि हट्टी तो. कावेरी सहा वर्षांची झाली तेव्हा चारचौघांसारखी शाळेत गेली, आणि सहा महिने तिथं एक शब्द बोलली नाही. घरी चिमणीसारखी चिवचिव, आणि शाळेच्या फाटकातून आत गेली की ओठ शिवल्यासारखे. शेवटी बाईंनी सांगितलं, डॉक्टरला दाखवा, पोरगी कमी वाटते. सदानं दुसऱ्या दिवशी तिचं दप्तर घरी आणलं. तो आणि माझी वहिनी मंगल मिळून तिला घरी शिकवायला लागले. हा माणूस अपूर्णांक व्हर्नियर कॅलिपरवर शिकवायचा. सात वर्षांची पोर बटणाची जाडी मोजून सांगायची आणि वर म्हणायची, "आत्या, तुझ्या शाळेत हे असतंय का?" नसतंय बाई, आमच्या शाळेत फूटपट्टीसुद्धा धड नव्हती!

मी तेव्हा इंदापूर तालुक्यात वालचंदनगरजवळच्या एका वस्तीशाळेची मुख्याध्यापिका. चौथीपर्यंतची शाळा, दोन शिक्षिका. मला सदाचं हे अजिबात पटलं नव्हतं आणि मी ते तोंडावर सांगितलं. घरी ठेवलेल्या मुली मी आयुष्यभर पाहिल्या होत्या. धाकटं भावंड सांभाळायला ठेवलेल्या, खुरपायला ठेवलेल्या, आणि मग एक दिवस तेरा-चौदाव्या वर्षी हळद लागलेल्या. दारोदार फिरून, बापांशी भांडून मी त्यांतल्या काहींना परत बाकावर बसवलं होतं. मी म्हटलं, "तुझ्या एका पोरीला सूट दिली, की तुझं नाव पुढं करून गावातला एकेक बाप पोरगी घरी नेईल. तुझी शिकेल रे, त्यांचं काय?" तो म्हणाला, "आक्का, त्या बापांना धरा की मग. माझ्या घरात येऊन मी पोरीला किती वाजता काय शिकवतो ते इचारायचा सरकारला काय हक्क हाय? पोरगी माझी हाय. तिची परीक्षा घ्या, खुशाल घ्या. घराची झडती न्हाय." आम्ही दोघंही बरोबर होतो असं मला आज वाटतं. तेव्हा वाटत नव्हतं.

शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण आलं. आम्ही शिक्षक घरोघर जाऊन शाळेत न जाणाऱ्या मुलांची यादी करतो. माझ्या नशिबानं माझ्या वाट्याला क्वार्टरची ती रांग आली. सदाच्या दाराशी मी हातात फॉर्म घेऊन उभी. त्यानं दार उघडलं, फॉर्मकडं बघितलं आणि म्हणाला, "आक्का म्हणून आली असलीस तर आत ये, मंगल चहा टाकतीय. सरकार म्हणून आली असलीस तर हितंच इचार, मी हितंच सांगतो." मला इतका संताप आला! पोटाला चिमटा काढून ज्याला शिकवलं तो मला उंबऱ्याबाहेर उभं करतो? मी म्हटलं, "दोन्ही म्हणून आलेय." "मग लिही," तो म्हणाला, "कावेरी सदाशिव, वय सात, शाळेत जात न्हाय, बापाची मर्जी." आतून कावेरी माझ्याकडं बघत होती. मी चहा न घेता निघाले.

आणि मी ते लिहिलं नाही. तिचं नाव यादीत गेलं असतं तर त्याला नोटीस, मग सुनावणी, मग पोरीला ओढून पुन्हा त्याच फाटकातून आत. माझ्या डोळ्यांपुढं तिचे ते शिवलेले ओठ आले. म्हणून मी यादीत लिहिलं, 'शाळेत दाखल', आणि तिचं नाव माझ्याच शाळेच्या पटावर चढवलं. जन्मदाखल्याची झेरॉक्स माझ्याकडं होतीच. दुसरीही गोष्ट लपवत नाही. त्या वर्षी आमचा पट एका मुलानं कमी पडत होता. पडला असता तर माझ्या जोडीच्या शिक्षिकेची बदली ठरलेली. कावेरीच्या नावानं ती वाचली. म्हणजे भावाला वाचवलं म्हणावं, की शाळेला, की स्वतःला... काय म्हणायचं ते म्हणा. दोन वर्षं मी रोज सकाळी त्या नावापुढं हजर लिहीत होते. जी मुलगी व्हर्नियर घेऊन घरी बसलेली, ती माझ्या वर्गात हजर. सदाला यातलं काहीही सांगितलं नाही.

दोन वर्षांनी तीन घरांना नोटिसा आल्या. ही सगळी घरं मुलांना घरी शिकवणारी, सदाच्याच नादानं धीट झालेली. त्यांत पोपटराव आणि सुनंदाबाई, त्यांना दोन मुलगे. पंधरा दिवसांत शाळेत घाला, नाहीतर कारवाई. सदाला नोटीस नाही! तो चक्रावला. पण गप्प बसणारा नव्हता. चारही घरांच्या वतीनं त्यानं निवेदन लिहिलं आणि सुनावणीच्या दिवशी सगळ्यांच्या पुढं चालत इंदापूरला शिक्षण खात्याच्या ऑफिसात आला. भागातल्या मुख्याध्यापकांना बोलावलं होतं, म्हणून मीही तिथं होते, मागच्या खुर्चीवर.

सदा उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला इतक्या मोठ्या आवाजात बोलताना ऐकलं. "साहेब, ह्या लोकांना नोटीस आन् मला न्हाय, हा अन्याव हाय. माझी पोरगी दोन वर्षं कुठल्याच शाळेत न्हाय. आमी चोरून काय करत न्हाय. माझंबी नाव लिहून घ्या." साहेब भला माणूस होता. त्यानं कॉम्प्युटरवर नाव टाकलं, चष्मा वर केला आणि म्हणाला, "अहो, तुमच्या मुलीचं नाव पटावर आहे की. दुसरीपासून चढत तिसरी पास. हजेरीही चांगली दिसते." आणि माझ्या शाळेचं नाव वाचलं.

मग पोपटराव हळूच म्हणाले, "सदाभाऊ, हे काय हाय?"

सदानं मागं वळून माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही. एक वाक्य त्याच्या ओठांवर होतं: ही नोंद खोटी आहे. ते बोलला असता तर त्याचं म्हणणं खरं ठरलं असतं, मित्रांपुढं मान ताठ राहिली असती, आणि माझ्यावर खोट्या हजेरीची चौकशी लागून नोकरी गेली असती. मी उठून बोलू शकत होते. साहेबांना सांगायला माझं तोंड बांधलेलं नव्हतं. मी बसून राहिले. सदा म्हणाला, "असंल साहेब. माझीच चूक झाली." निवेदनाचा कागद त्यानं घडी घालून खिशात ठेवला. सुनंदाबाई त्याच्या अंगावरून न बघता निघून गेल्या. महिन्याभरात त्यांची दोन्ही मुलं शाळेत गेली.

सोमवारी सकाळी प्रार्थनेच्या आधी सदा कावेरीला सायकलवर बसवून माझ्या शाळेत आला. नवा गणवेश, दोन वेण्या. मी धावत फाटकाशी गेले, म्हटलं, "अरे, असं नको करू. आपण काहीतरी मार्ग काढू." तो म्हणाला, "रजिस्टरात हजर हाय न्हवं? मग हजर असू दे." लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि वळला. कावेरी माझ्या चौथीच्या वर्गात बसली. आषाढ गेला, श्रावण गेला, पोरगी एक शब्द बोलेना. मी फळ्याकडं तोंड करून डोळे पुसायची आणि मुलांवर विनाकारण ओरडायची. दिवाळीनंतर एकदा शेजारच्या मुलीचं गणित चुकलं तेव्हा ती पुटपुटली, "छेद बघ की आधी." मी खडू टाकून बाहेर व्हरांड्यात जाऊन रडले.

पुढं ती रीतसर हायस्कूलला गेली. सदानं कंपनी सोडली आणि पिंपळीला शेतावर राहायला गेला. दिवाळीला मी जायची, भाऊबीज व्हायची, ओवाळणी घालायचा, "तब्येत बरी हाय का आक्का" म्हणायचा. त्या सुनावणीबद्दल दहा वर्षांत एक शब्द काढला नाही. अरे, एकदा तरी भांडायचं होतंस रे! चार शिव्या दिल्या असत्यास तरी मला झोप लागली असती.

दहाव्यानंतर मी सांगवीला गेले. पोपटराव आता तिथं ऊस करतात. अंगणात उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पोपटराव म्हणाले, "आमी त्याच्या मातीलाबी आलो न्हाय, ताई. बारामतीच्या बाजारात समोर आला तर रस्ता बदलायचो." सुनंदाबाई आतून आल्या आणि म्हणाल्या, "त्यो जित्ता असताना का न्हाय सांगितलं?" भ्याले होते, दुसरं काय! पोपटराव म्हणाले, "आमाला येकट्याला सांगून भागत न्हाय. इंदापुरात चारचौघांत त्याची अब्रू गेली. जितं समदे वाचतील तितं लिहा, आन् खाली तुमचं नाव टाका." म्हणून हे नावानिशी लिहिलं. याचं जे व्हायचं ते होऊ दे.

छापायला देण्याआधी हा मजकूर घेऊन मी पिंपळीला गेले. कावेरी आता एकोणीस वर्षांची आहे. सदाच्या खोलीत, त्याच्या कामाच्या टेबलापाशी बसून तिनं तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. त्या टेबलावर त्याचा चष्मा आणि कानस अजून तशीच आहेत, मंगल कुणाला हलवू देत नाही. मी म्हटलं, "कावे, तुला यातलं काही ठाऊक नव्हतं. आधी तुला सांगायला हवं होतं."

ती म्हणाली, "आत्या, एक दुरुस्त कर. पप्पांनी मला शाळेत घातलं नाही. सुनावणीवरून आले त्या संध्याकाळी क्वार्टरमध्ये माझ्याजवळ खाली बसले आणि मला सगळं सांगितलं. म्हणाले, तुला जायचं नसेल तर मी उद्या जाऊन खरं सांगतो, मग आक्काची नोकरी जाईल, तू ठरव. मी नऊ वर्षांची होते. रात्रभर नाही, तिथंच विचार केला आणि म्हटलं, मी जाते."

मग तिनं पेन उघडलं आणि कागद माझ्याकडं सरकवला.