तीन महिन्यांचा व्यायाम आणि चार पौंड

तीन महिने रोज सकाळी न चुकता व्यायाम करून माझं वजन चार पौंडांनी वाढलं.

हे वाक्य मी आज शांतपणे लिहू शकते, कारण आता केस पांढरे झालेत. त्या वेळी वजनाचा विषय निघाला की हातात असेल ते मी आपटत असे. (पितळेची वाटी, लाटणं आणि एकदा ह्यांचा चष्मा. चष्मा चुकून.)

सुरुवात मांडवीच्या बंदरावर झाली. लग्नाला सहा वर्षं झाली होती. दिवाळीला मुंबईला माहेरी जाऊन मी बोटीने रत्नागिरीला परतत होते. तेव्हा आगबोट लांब पाण्यात उभी राहायची आणि उतारूंना पडावात घालून किनाऱ्याला आणायचे. मी पडावात पाय ठेवला, कडेची जागा धरली आणि पडाव हाकणारा तांडेल ओरडला,

"ओ बाय! कडेला नको, मधी बसा! पडाव कलंडंल!"

मी मुकाट्याने मध्ये सरकले. तरी त्याचं समाधान नाही.

"आणि तुम्ही दोघे, हां, तुम्हीच, तिकडच्या अंगाला सरा. भार सारखा करा!"

दोन चांगले धट्टेकट्टे पुरुष माझ्या विरुद्ध बाजूला जाऊन बसले. माझ्या एकटीच्या भारापुढे दोघे! पडावात वीस-पंचवीस माणसं होती. सगळी समुद्राकडे बघत होती, पण हसताना खांदे हलतात हे मला पाठीमागूनही कळत होतं.

घरी पोचल्यावर पिशवी खाली ठेवायच्या आधी मी ह्यांना सांगितलं, "मी उद्यापासून व्यायाम करणार!"

"कर की," हे म्हणाले. आमचे हे कोर्टात कारकून. अंगाने इतके बारीक, की धोतर नेसले की धोतरच दिसायचं. कशालाही नाही म्हणायचे नाहीत आणि कशानेही हलायचे नाहीत.

ह्यांनीच कुठूनसं व्यायामाचं एक पुस्तक आणलं. मुखपृष्ठावर पिळदार मिशांचा एक उघडाबंब पैलवान दंड फुगवून हसत होता. 'तीन महिन्यांत कायापालट' असं त्याच्या डोक्यावर छापलेलं होतं. मी पैलवानावर विश्वास ठेवला. एवढ्या मिशा असलेला माणूस खोटं कशाला बोलेल?

आधी डॉक्टरांकडे जाऊन वजन केलं, माझ्याबरोबर ह्यांचंही. तिथला कंपाउंडर आत बसलेल्या डॉक्टरांना ऐकू जावं म्हणून आकडा ओरडून सांगायचा. "एकशे पंचावन्न!" अशी त्याने माझ्या वेळी आरोळी ठोकली. बाकावरचे सगळे पेशंट आपापली दुखणी विसरून माझ्याकडे बघायला लागले.

दुसऱ्या दिवसापासून माजघराचं दार लावून, पदर खोचून मी सुरू केलं. पंचवीस सूर्यनमस्कार, पन्नास बैठका आणि दोरीवरच्या शंभर उड्या. हे चहाचा पेला घेऊन पाटावर बसायचे आणि पुस्तकातल्या सूचना कोर्टातलं समन्स वाचावं तशा वाचायचे.

"गुडघे वाकवून... सावकाश खाली बसावे... आणि श्वास सोडीत पूर्ववत उभे राहावे."

"राहिले!"

"सावकाश लिहिलंय."

"तुम्ही करून दाखवा ना सावकाश!"

"मला कुठे कमी करायचंय?" म्हणून हे चहाचा घोट घ्यायचे.

पहिल्याच आठवड्यात शेजारच्या खातूनबी सूप घेऊन दारात हजर झाल्या. त्यांचा नवरा जहाजावर खलाशी होता, वर्षातून महिनाभर घरी यायचा. एरवी आमच्या दोघींच्या घरांत एक कुडाची भिंत आणि दिवसभराच्या गप्पा.

"वैनी, कांडण काढलांव काय? रोज सकाळी धप धप ऐकतंय. माझं पण दोन पायली भात घ्याल?"

"कांडण नाही हो! व्यायाम करतेय मी!"

खातूनबींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, सूप काखेत मारलं आणि गंभीरपणे म्हणाल्या, "मग भिंतीपासून जरा लांब करा. माझी फळीवरची बरणी चालत चालत कडेला येते."

दुसऱ्या आठवड्यात दोरीची उडी उंच गेली. दोरी सुंभाची. ती वर टांगलेल्या शिंक्यात अडकली, मी जोरात ओढली, आणि शिंकं, त्यातलं मडकं, मडक्यातलं लोणी असं सगळं खाली आलं. खाली आमच्या सासूबाई, म्हणजे माई, जप करत बसल्या होत्या.

"अगो, हे काय चाललंय तुझं!" माई जपमाळेवरचं लोणी निपटत ओरडल्या. "चांगली अंगाने भरलेली आहेस, ती काय लोकांनी आम्हाला नावं ठेवावीत म्हणून वाळायला निघालीस? सून उपाशी ठेवतात म्हणतील!"

"माई, मला कुणी उपाशी ठेवलेलं म्हणणार नाही. दोन माणसं लागतात माझा भार तोलायला!"

"मग नाचायचं ते माळ्यावर जाऊन नाच. माझ्या डोक्यावर नको!"

(आता विचार केला तर माळा माईंच्या डोक्यावरच होता. पण ते तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.)

मी माळ्यावर गेले. तिथे एका बाजूला सोललेल्या नारळांची रास आणि एका बाजूला मी. खाली फणसाच्या जुन्या फळ्या. मी उड्या मारू लागले की खाली माजघरात ह्यांच्या चहात धूळ पडायची. हे पेल्यावर बशी झाकायचे आणि खालून मोठ्याने सूचना वाचायचे.

महिन्याने वजन केलं. एकशे पंचावन्न! दुसऱ्या महिन्यात एकशे सत्तावन्न! मी कंपाउंडरला म्हटलं, "तुमचा काटा बिघडलाय." त्याने माझ्या समक्ष स्वतःला तोललं, मग ह्यांना तोललं. काटा उत्तम चालत होता. उत्तम चालत होता म्हणजे काय, तर ह्यांचं वजन सहा पौंडांनी कमी झालेलं निघालं!

माझ्या पायाखालची जमीन सरकली. घाम मी गाळत होते! पोटऱ्या माझ्या भरून येत होत्या! आणि पाटावर बसून पुस्तक वाचणारा माणूस वाळत होता!

डॉक्टर बाहेर आले आणि ह्यांची नाडी बघून काळजीने म्हणाले, "तुम्हाला टॉनिक देतो." मग माझ्याकडे वळले. "तुमची प्रकृती मात्र छान आहे हो!"

त्या दिवशी घरी जाऊन मी लाटणं आपटलं ते.

आता कुणी विचारील, खाण्याचं काय? खाण्याचं काही नाही! व्यायामाने जीव कासावीस होतो, म्हणून नंतर चार आंबोळ्या खायचे. व्यायाम करणाऱ्या माणसाला तेवढं लागतंच. त्यात ह्यांना सूचना वाचता वाचता कोर्टाची वेळ व्हायची, तेव्हा त्यांच्या वाटच्या दोन आंबोळ्या उरायच्या. त्या टाकून का द्यायच्या? माझा ह्यात काय दोष? तुम्हीच सांगा!

तिसऱ्या महिन्याचं वजन ज्या दिवशी करायचं ठरलं, नेमक्या त्याच दिवशी दुपारी माझ्या नणंदेला, कुसुमला, बघायला देवरूखची मंडळी येणार होती. कुसुम स्वभावाने गोड, पण अंगाने थेट भावावर गेलेली. आधी दोन ठिकाणांहून 'मुलगी फारच हडकुळी' म्हणून नकार आला होता. दुसऱ्या नकारानंतर पोर दोन दिवस जेवली नव्हती. माईंनी आठवडाभर आधीपासून घर डोक्यावर घेतलेलं. हे स्थळ हातचं जाता कामा नये.

सकाळी मी डॉक्टरांकडे गेले.

"एकशे एकोणसाठ!"

मी तरातरा चालत सुटले.  घरी येऊन, मागील दारी बसून दडप्या पोह्यांसाठी नारळ खवले. असे खवले की करवंटीही थोडी पोह्यांत गेली असावी. तीन महिने! साडेचार हजार बैठका! आणि त्या मिशाळ पैलवानाने मला चार पौंड वर दिले! आतून माई ओरडल्या, "अगो, नारळ कमी पडेल, माळ्यावरून एक आण!" आणि मी मागल्या दारची शिडी चढून वर गेले. देवरूखची मोटार कधी नाही ती तासभर आधी आली आणि पाहुणे माजघरात येऊन टेकलेसुद्धा, हे मला मागील दारी काय कळणार?

पाहुण्यांना दिसू नये म्हणून माईंनी वर टाकायला लावलेलं ते पुस्तक नारळाच्या राशीशेजारी पडलं होतं. पैलवान माझ्याकडे बघून हसत होता. 'तीन महिन्यांत कायापालट.'

मी नऊवारीचा काष्टा घट्ट केला, दोन पावलं मागे गेले आणि दोन्ही पायांनी त्याच्या तोंडावर उडी मारली.

तीन महिन्यांतली ती माझी सगळ्यांत जोरदार उडी. फळी मोडली. उजवा पाय मांडीपर्यंत खाली गेला आणि मी अडकले. मी सावरायला रास धरली, तर रास हलली. एक नारळ गडगडत आला, माझ्या पायाशेजारच्या भोकातून खाली गेला आणि खाली कुणीतरी "अरे बापरे!" म्हणालं. तो आवाज घरातला नव्हता.

खाली काय दिसलं ते मला नंतर कुसुमने सांगितलं. कुसुम मान खाली घालून चौरंगावर बसलेली. समोर नवरामुलगा आणि त्याचे वयस्क काका. आढ्यातून धूळ पडली, पाठोपाठ एक भलामोठा पाय आला, आणि मग एक नारळ येऊन बरोबर काकांच्या मांडीत बसला. क्षणभर कुणी हललं नाही. पाय मात्र हलत होता.

हे घसा साफ करून म्हणाले, "ही आमची मंडळी."

काकांनी हात जोडून पायाला नमस्कार केला.

"अहो, ओळखी काय करून देताय!" मी वरून किंचाळले. "मला काढा!"

हे खालून तळव्याला रेटा देऊ लागले. तेवढ्यात धप्प आवाज ऐकून खातूनबी धावत आल्या. "आज दुपारचं व्यायाम काढलांव?" म्हणत त्या शिडीने वर आल्या आणि काखेत हात घालून मला ओढू लागल्या. "श्वास सोडा वैनी! सगळा सोडा!" मी श्वास सोडला, लाज सोडली, आणि तोंडाला येईल ते पैलवानाला बोलले. खाली सगळं ऐकू जात होतं. अखेर मी सुटले. पाय सोलवटून निघाला होता.

मी वरच बसून रडले. वेदनेने नाही, संतापाने. माझ्यापायी कुसुमचं तिसरं स्थळही गेलं, हे मला दिसत होतं. आता ह्या घरात तोंड कसं दाखवायचं?

आणि खालून काकांचा आवाज आला.

"माई, आमचा होकार समजा. मुलगी जरा बारीक आहे हे खरं. आमच्या मनात होतं, घरातच खायची आबाळ असेल काय? पण ज्या घरात सुनेची एवढी निगा राखतात, तिथे लेकीला उपाशी ठेवलं असेल असं म्हणायची सोय नाही. शिवाय नारळ तर तुम्ही आधीच मांडीत घातलात!"

सगळे हसले. कुसुमसुद्धा हसली. नवरामुलगा तर डोळे पुसत होता. माई पदराने आनंदाश्रू टिपत शिडीखाली आल्या आणि वर तोंड करून म्हणाल्या,

"अगो, तुझ्या पायगुणाने जमलं हो!"

हसू नका. मी तेव्हा हसले नव्हते. तीन महिने गाळलेल्या घामाचं कुणी नाव काढलं नाही, पण न वाळलेल्या पायाचं कौतुक झालं! त्या दिवशी पैलवानाचं पुस्तक मी न्हाणीच्या चुलीत घातलं. पाणीसुद्धा धड तापलं नाही.

वैशाखात देवरूखला लग्न झालं. मांडवात काकांनी प्रत्येक पाहुण्याशी माझी ओळख करून दिली. "ह्याच त्या वहिनी!" आणि प्रत्येक पाहुणा नमस्कार करायच्या आधी माझ्या पायांकडे बघायचा. शंभरेक माणसांनी पाहिलं असेल. माझा राग डोक्यात चढत चढत गेला. शेवटी पंगतीत बसले तेव्हा तो सगळा मी जिलब्यांवर काढला. किती खाल्ल्या ते सांगता येणार नाही, रागात मला मोजता येत नाही. वाढप्याला मात्र अंदाज आला असावा. चौथ्या खेपेला तो माझ्या पानापाशी थांबला, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि परात तिथेच ठेवून पुढे गेला. मला त्याचा असा काही संताप आला म्हणता, की तो परात न्यायला आला तेव्हा त्याला नुसती परातच न्यावी लागली!